बिल्ले कुठे गेले?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी अभ्यासशिबिरात ‘गोष्टी, सिनेमा आणि आपण’ या सत्रात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



या सत्राचा विषय कळला तेव्हा आपल्यातल्याच एकीनं मला फोन केला. म्हणाली, ‘अगं, जादूच्या गोष्टी आणि त्यांतली दुय्यम पात्रं यावर तू शिबिरात बोलणार? बाया दोन दिवसांची मजुरी बुडवून येतात, त्यांना काहीतरी कामाचं दे.’ तिचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच मी कामाबद्दलच बोलणार आहे. गोष्ट जादूची आहे, पण तिच्यात स्वयंपाक आहे, भांडी आहेत, पगार आहे, सुट्टी आहे आणि वर्गणीचा डबा घेऊन दारोदार फिरणारी, सगळ्यांनी जिला हसावं अशी एक मुलगीही आहे. आता ओळखीचं वाटतंय ना?

इंग्रजीत नायकाच्या बरोबरच्या पात्राला ‘साइडकिक’ म्हणतात. मराठीत जोडीदार, साथीदार, सवंगडी असे शब्द आहेत. पण मला आपला एक जुना शब्द जास्त जवळचा वाटतो – पाठराखीण. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एखादी बाई किंवा मुलगी पाठवतात, ती पाठराखीण. फोटोत ती कडेला असते, अर्धीमुर्धी कापलेली. तिचं नावसुद्धा कुणी विचारत नाही. पण नवरी जेवली का, न्हाणीघराला कडी आहे का, सासू कुठल्या सुरात बोलली, हे सगळं ती बघत असते आणि परत जाऊन माहेरी सांगते. नवरीला मान वर करायची सोय नसते; पाठराखीण डोळे उघडे ठेवून बसलेली असते. म्हणजे ती नुसती सोबतीण नव्हे, साक्षीदार असते.

जादूच्या मोठ्या कथांमधली चांगली दुय्यम पात्रं माझ्या मते हेच काम करतात. नायकाची नजर लांबच्या डोंगरावर असते. आजचं जेवण कुणी शिजवलं, हे त्याला बघावं लागत नाही. ते बरोबरच्या माणसाला दिसतं.

एक उदाहरण पटकन सांगते. टोल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत आली. तिच्यात नऊजणांची टोळी जगाला वाचवायला निघते. नऊही पुरुष, एक बाई नाही! मग रांधायचं कुणी? तर फ्रोडो या नायकाचा माळी, सॅम. तो पाठीवर कढया-पातेली बांधून निघतो. शेवटी अंगातलं त्राण संपतं, ओझं टाकावं लागतं, तेव्हा ती भांडी दरीत टाकताना त्याच्या जिवाला लागतं. टोल्किन पहिल्या महायुद्धात अधिकारी होते. सॅम हे पात्र आपल्याला तिथल्या साध्या शिपायांवरून आणि अधिकाऱ्यांची सेवा करणाऱ्या अर्दलींवरून सुचलं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे गोष्टीत बाई नसली तरी बाईचं काम असतंच आणि ते वरच्या माणसाकडे जात नाही.

पण मला आज मुख्यतः बोलायचंय ते हर्माइनीबद्दल. हॅरी पॉटरच्या गोष्टीतली हर्माइनी.

जे. के. रोलिंग यांची ही सात पुस्तकं १९९७ ते २००७ या दहा वर्षांत प्रसिद्ध झाली आणि त्यांवर २००१ ते २०११ या काळात आठ चित्रपट निघाले. पुस्तकं मराठीत आली, चित्रपट हिंदीत डब झाले. तुमच्या घरातल्या मुलांना विचारा, त्यांना सगळं तोंडपाठ असेल. लेखिकेबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण नंतर प्रश्न येणारच. २०२० पासून त्यांनी ट्रान्स स्त्रियांविषयी जी मतं मांडली, त्यांवरून जगभर वाद आहे. मला ती मतं पटत नाहीत. त्यावर वेगळं सत्र घ्यावं लागेल. आज मी पुस्तकांत काय आहे आणि सिनेमात त्याचं काय झालं, एवढंच बघणार आहे.

मी ही पुस्तकं माझ्या भाचीमुळे वाचली. ती अकरा-बारा वर्षांची होती. चौथं पुस्तक वाचता वाचता एकदम म्हणाली, ‘मावशी, ही मुलगी तुझ्यासारखी आहे. पत्रकं घेऊन फिरते आणि तिला बघितलं की सगळे पळतात.’ म्हटलं, बघू तरी कोण आहे ही.

तर हॉगवर्ट्स नावाची जादूची निवासी शाळा. भलामोठा भोजनकक्ष, चार लांब टेबलं. मुलं येऊन बसली की सोन्याच्या ताटांत आपोआप अन्न येतं. पहिल्या तीन पुस्तकांत आपणही ते ‘आपोआप’ मान्य करून टाकतो. जादूच आहे म्हटल्यावर काय! चौथ्या पुस्तकात (२०००) एक भूत बोलता बोलता सांगून जातं की स्वयंपाकघरात शंभराहून जास्त एल्फ राबताहेत. एल्फ म्हणजे मोठे कान, मोठे डोळे असलेले बुटके घरगडी. ते पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराशी बांधलेले असतात. पगार नाही, सुट्टी नाही. अंगावर कपडे नाहीत, उशीचा अभ्रा नाहीतर टॉवेल गुंडाळलेला. मालकानं कपडा दिला तरच सुटका. चांगला एल्फ कोण, तर जो दिसत नाही तो.

हॅरी हे ऐकतो आणि जेवत राहतो. रॉन तर जेवत राहतोच. हर्माइनी काटा-सुरी खाली ठेवते.

मला हा क्षण फार मोठा वाटतो. ती काय म्हणते बघा. शाळेचा हजारावर पानांचा इतिहासग्रंथ तिचा पाठ आहे आणि त्यात या शंभरजणांचा उल्लेख एकदाही नाही, याचा तिला संताप येतो. आपण स्त्रियांच्या इतिहासाबद्दल जे म्हणत आलो, तेच ही मुलगी म्हणते. ती कामालाही लागते. वाचनालयात बसून एल्फांच्या गुलामीचा इतिहास काढते, संघटना काढते, पन्नासेक बिल्ले बनवते, दोन नाणी वर्गणी ठरवते. रॉनला न विचारता खजिनदार करते, हॅरीला सचिव! (हसू नका. आपल्याकडच्या किती समित्या अशाच झाल्यात, मला माहीत आहे.) मग डबा खुळखुळवत मुलांच्या मागे लागते. काहीजण तिची नजर चुकवायला म्हणून वर्गणी देऊन टाकतात. बाकीचे हसतात. संघटनेच्या नावाची आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत ‘ओकणे’ या अर्थाचा शब्द होतो, त्यावरून रॉन तिला छळतो.

आणि एक गंमत सांगते. एस-पी-ई-डब्ल्यू याच आद्याक्षरांची एक खरीखुरी संस्था इंग्लंडमध्ये होती. १८५९ साली लंडनमध्ये स्त्रियांना रोजगार मिळवून देण्यासाठी ती स्थापन झाली. जेसी बाउचरेट, बार्बरा बोडिशॉन या त्यामागच्या बायका. तेव्हा मध्यमवर्गीय बाईला शिकवणीचं काम सोडून दुसरं काही मिळत नसे. या संस्थेनं हिशेब ठेवणं, छपाई, कागदपत्रांच्या नकला करणं अशी कामं बायकांना शिकवली. हर्माइनीच्या संघटनेचं आणि हिचं लघुनाव एक व्हावं हा योगायोग असो वा नसो, मला ते वाचून बरं वाटलं. हसण्यावारी नेलेल्या नावांना अशी मुळं असतात. रोलिंग स्वतः तरुणपणी लंडनमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कचेरीत काम करत होत्या. पत्रकं, अर्ज, सह्या हे जग त्यांनी बाहेरून बघितलेलं नाही.

आता हर्माइनीच्या चुका. कारण ती आपल्यासारखी आहे ती तिच्या चुकांमुळेच जास्त.

पहिली चूक. रॉनचा भाऊ तिला सरळ विचारतो, तू कधी स्वयंपाकघरात गेली आहेस का? नाही गेलेली! संघटना निघाली, बिल्ले झाले, पण ज्यांच्यासाठी संघटना त्यांच्यापैकी एकाही एल्फाशी तिनं कामाबद्दल बोलणं केलेलं नाही. दुसरी चूक त्याहून मोठी, पाचव्या पुस्तकातली (२००३). कपडा मिळाला की एल्फ मुक्त होतो ना? म्हणून ती लोकरीच्या टोप्या विणते आणि खोलीत कचऱ्याखाली लपवून ठेवते, म्हणजे झाडलोट करताना एल्फाच्या हाती टोपी येईल आणि तो नकळत मुक्त होईल. त्यांना न विचारता! एल्फांना हा अपमान वाटतो. ते त्या मनोऱ्यात झाडायला येणंच बंद करतात. मग त्या सगळ्या खोल्यांची सफाई एकट्या डॉबीवर पडते, आणि सगळ्या टोप्याही तोच नेतो. हॅरीला हे माहीत असतं. तो तिला सांगत नाही. ती विणत राहते.

हे मी आमच्या शेजारी धुणंभांडी करणाऱ्या एका बाईंना सांगितलं. वयानं माझ्याएवढ्याच, चार घरची कामं करतात. पोट धरून हसल्या. म्हणाल्या, ‘ताई, असंच होतं. एका घरच्या वहिनींनी आमच्या भल्यासाठी म्हणून मशीन घेतलं. धुण्याचे पैसे कापले आणि वाळत घालणं, घड्या घालणं तसंच ठेवलं. मला विचारलं कुणी?’ मग मी त्यांना डॉबीच्या पगाराचं सांगितलं. डॉबी हा आधीच सुटलेला एल्फ. पगार मागतो म्हणून त्याला कुठेच काम मिळत नाही. शेवटी तो हॉगवर्ट्सला येतो. मुख्याध्यापक डंबलडोर त्याला आठवड्याला दहा नाणी आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात. डॉबी घासाघीस करून ते खाली आणतो, एक नाणं आणि महिन्याला एक सुट्टी! मला वाटलं, या पुन्हा हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘भीती वाटली असेल. जास्त मागितलं तर हेही जाईल. आणि एकदम दोन दिवस सुट्टी मिळाली तर जायचं कुठं, हेही कळलं पाहिजे ना.’

मी इतकी पुस्तकं वाचली, पण डॉबीची घासाघीस मला विनोदी वाटली होती. ती भीतीची आहे हे त्यांनी दाखवलं. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगाराइतकाच सुट्टीचा प्रश्न होता. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती लिहिलेली आहे. लिहिलेली आहे एवढंच म्हणते.

विंकीबद्दलही सांगायला हवं. ही बाई एल्फ. उंचीची भीती वाटत असूनही मालकासाठी उंच सज्जात जागा धरून बसते आणि नंतर मालक तिला चारचौघांत कपडे देऊन हाकलतो. सुटका झाल्यावर ती आनंदी होत नाही. पिण्याच्या आहारी जाते, शेगडीजवळ बसून रडते, मालकाची बदनामी होऊ देत नाही. बाकीचे एल्फ तिच्यावर टेबलक्लॉथ टाकून तिला झाकतात, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. आपल्या समुपदेशन केंद्रात बसणाऱ्यांना विंकी वेगळी सांगायला नको. ‘तिला सोडवलं तरी ती परत नवऱ्याकडेच जाते’ असं वैतागून म्हणतो आपण. तिथे बसलेली असते ती विंकीच.

तर असा हा ऐवज पुस्तकात आहे. हर्माइनी नसती तर हे स्वयंपाकघर वाचकाला दिसलंच नसतं. हॅरीला सूडाच्या, मरणाच्या मोठ्या लढाया आहेत. त्याला तळघरात जायला वेळ नाही. तिथे त्याला ओढत कोण नेतं? ती. आणि तिथे गेल्यावर कळतं की स्वयंपाकघर बरोब्बर भोजनकक्षाच्या खाली आहे, तेवढंच मोठं आहे आणि त्यातही चार लांब टेबलं आहेत, वरच्या चार टेबलांच्या थेट खाली. एल्फ या टेबलांवर ताटं मांडतात, ती छतातून वर जातात. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसले.

आता सिनेमा. चौथा चित्रपट २००५ साली आला, दिग्दर्शक माइक न्यूवेल. भाचीला घेऊन थिएटरात गेले. बाहेर पडताना तिचा पहिला प्रश्न, ‘मावशी, बिल्ले कुठे गेले?’

बिल्ले नव्हते. संघटना नव्हती. विंकी नव्हती. डॉबीही नव्हता, दुसऱ्या चित्रपटात (२००२) दिसलेला डॉबी थेट २०१० साली परत येतो, तो मरण्यासाठी. पुस्तकात पाण्याखालच्या परीक्षेच्या वेळी हॅरीला वाचवणारी वनस्पती डॉबी आणून देतो. चित्रपटात ती नेव्हिल देतो, शाळेतलाच एक मुलगा. आठही चित्रपटांत ते तळघरातलं स्वयंपाकघर नाही. अन्न पुन्हा आपोआप येऊ लागलं.

कुणी म्हणेल, सहाशे पानांचं पुस्तक अडीच-पावणेतीन तासांत बसवायचं तर काहीतरी कापावंच लागणार. कापावं लागतंच. संगणकावर एल्फ उभे करणं खर्चाचंही असणार. मी सिनेमावाल्यांना खलनायक करत नाही. पण कपात कुठे होते ते बघावं. आपल्याकडे पंचायतीचा निधी कमी पडला की पहिली कात्री कशाला लागते? त्याच चित्रपटात नाचाची मेजवानी पुरेपूर आहे. हर्माइनी गुलाबी झगा घालून जिन्यावरून उतरते, सगळे बघत राहतात. पुस्तकातही तो प्रसंग आहे, आणि मुलींना तो आवडतो, मलाही आवडला. त्याला जागा मिळाली. बिल्ल्यांना नाही.

गंमत अशी की सिनेमानं हर्माइनीला कमी केलं असं वरवर दिसत नाही. उलट मोठी केली. आठपैकी सात चित्रपटांच्या पटकथा स्टीव्ह क्लोव्ह्स यांनी लिहिल्या. हर्माइनी आपल्याला सगळ्यांत आवडते, असं त्यांनी सांगितलेलं आहे. त्या आवडीपायी त्यांनी रॉनच्या तोंडची वाक्यं तिला देऊन टाकली. पाय मोडलेला रॉन मित्रासाठी मरायला तयार होतो, ते तिसऱ्या चित्रपटात (२००४) हर्माइनी म्हणते. जन्मावरून तिला दिलेली घाणेरडी शिवी म्हणजे काय, हे पुस्तकात जादूगार घराण्यातला रॉन समजावतो, कारण तिला ती माहीतच नसते. चित्रपटात ती स्वतःच डोळ्यांत पाणी आणून सांगते. पहिल्या पुस्तकात जीवघेण्या वेलीत सापडल्यावर ती क्षणभर गोंधळते. चित्रपटात ती गोंधळत नाही. तिचे पुढे आलेले दात गेले, झिंज्या केस हळूहळू बसले. म्हणजे ती हुशार झाली, शूर झाली, देखणी झाली. कधीही न चुकणारी झाली.

आणि रॉन नुसता तोंड वेडंवाकडं करणारा विदूषक उरला. हेही आपल्या फायद्याचं नाही, मैत्रिणींनो. पुस्तकातला रॉन गरीब घरचा आहे, जुने कपडे घालतो, मत्सर करतो, रुसतो आणि परत येतो. असा मुलगा बदलतो तेव्हा त्याला काही किंमत असते.

तिसऱ्या चित्रपटात हर्माइनी त्या उद्धट मुलाच्या नाकावर ठोसा मारते. पुस्तकात चपराक आहे, सिनेमात ठोसा झाला. थिएटरात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. नंतर मनात आलं, एकटीच्या ठोशाला टाळ्या मिळतात. तिचा राग पडद्याला चालतो, कारण तो दोन सेकंदांत संपतो. तिची वर्गणी, पावत्या, कंटाळवाणा पाठपुरावा, लोकांनी तोंड चुकवणं, हे मात्र चालत नाही. पाचव्या चित्रपटात (२००७) तीच मुलांना गोळा करून गुप्त वर्ग सुरू करवते, हे कबूल करायला हवं. ते सिनेमानं ठेवलं, कारण तिथे शिकवणारा हॅरी आहे. तिची बांधणी नायकासाठी असली की ती उरते.

सगळ्यांत मला खुपलं ते शेवटचं चुंबन. (आता सगळ्या जाग्या झाल्या!) सातव्या पुस्तकात (२००७) शेवटच्या लढाईच्या तोंडावर रॉनला एकदम आठवतं की खाली स्वयंपाकघरात एल्फ आहेत, त्यांना बाहेर काढायला हवं, आपल्यासाठी मरा असा हुकूम त्यांना देता येणार नाही. तीन वर्षं जो तिच्या बिल्ल्यांना हसला, तो हे म्हणतो. हर्माइनी हातातलं सगळं टाकून धावते आणि त्याचं चुंबन घेते. प्रेमाचा असा प्रसंग मी दुसरीकडे वाचलेला नाही. तिला त्याचे डोळे आवडतात म्हणून नव्हे, तर त्याला खालची माणसं दिसली म्हणून! २०११ च्या चित्रपटात हेच चुंबन एका तळघरात पाण्याची लाट अंगावर येऊन गेल्यावर होतं. दोघं ओलेचिंब. बघायला छान आहे. पण त्याला कारण उरलं नाही. एल्फांचा विषयच आधीच्या चित्रपटांतून गेला होता, मग रॉनला आठवणार काय? एक धागा काढला की पुढची वीण कशी सुटते ते बघा. पुस्तकात शेवटी क्रीचर नावाच्या म्हाताऱ्या एल्फाच्या मागे सगळे एल्फ सुऱ्या आणि कोयते घेऊन स्वयंपाकघरातून लढाईत उतरतात. चित्रपटात तेही नाही.

क्रीचरच्या बाबतीत एक बोलते आणि मग आपल्याकडे येते. हा एल्फ पुस्तकात आधी फितुरी करतो. हॅरी त्याचा द्वेष करतो. हर्माइनी त्याला समजावते की ज्यानं याला माणूस म्हणून वागवलं त्याच्याशी हा इमानी राहिला, ज्यानं लाथाडलं त्याच्याशी नाही. यात वेगळं काय आहे? हॅरी ते ऐकतो, वागणं बदलतो आणि क्रीचरही बदलतो. म्हणजे तिची ती फसलेली संघटना फुकट गेली नाही. सदस्य दोनच झाले, पण ते दोघं बदलले. मला हे खरं वाटतं. आपल्या हिशेबातही असे दोन-दोनच असतात.

तरी पुस्तकालाही मी सोडणार नाही. एल्फांची गुलामी कथेत शेवटपर्यंत संपत नाही. आणि लढाई जिंकल्यावर दमलेल्या हॅरीच्या मनात शेवटी काय येतं? आपला पलंग, आणि क्रीचर आपल्याला सँडविच आणून देईल का! सात पुस्तकं, हजारो पानं, आणि शेवटी खायला आणणार कोण, तर तोच. हर्माइनी पुढे सरकारी खात्यात जाऊन एल्फांसाठी काम करते, असं लेखिकेनं नंतर सांगितलं. नंतर सांगितलं, गोष्टीत नाही. सिनेमानं जी कात्री उघडपणे चालवली, तिची धार लेखिकेच्या हातातही होती असं मला वाटतं. एल्फांना राबणं आवडतं, हा विनोद त्यांनी जरा जास्तच ताणला. ‘तिला आवडतं गं स्वयंपाक करायला’, हे आपण आईबद्दल किती वर्षं ऐकलं!

आता आपल्याकडे. गेल्या महिन्यात या सत्राची तयारी करताना मी आपले जुने वार्षिक अहवाल काढले. शिबिरांचे अहवाल बहुतेक मीच लिहिलेले आहेत. वक्त्यांची नावं आहेत, गटचर्चांचे मुद्दे आहेत, किती गावांतून किती बायका आल्या ते आहे. आणि प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक वाक्य आहे – ‘भोजनव्यवस्था उत्तम होती.’ अकरा वर्षं तेच वाक्य. जणू ताटात आपोआप आलं. त्या अकरा वर्षांत स्वयंपाक ज्या मावशींनी केला त्यांचं नाव एकाही अहवालात नाही. जमाखर्चातही त्या ‘किरकोळ’ या सदरात आहेत, गॅस आणि भाजीच्या खाली. हे मी लिहिलंय. श्रमविभागणीवर पन्नास भाषणं केलेल्या बाईनं.

काल रात्री मी त्यांना म्हटलं, उद्या सकाळच्या सत्राला या, तुमच्याबद्दल बोलणार आहे. तर म्हणाल्या, ‘मग भाकऱ्या कोण थापणार?’ मी म्हटलं, आम्ही थापू. त्या म्हणाल्या, ‘साठ माणसांच्या?’ आणि पिठाचा डबा उघडून कामाला लागल्या. मी तिथे जरा वेळ उभी राहिले आणि मग माझी टिपणं काढायला वर आले. जिना चढताना मला तो खालच्या टेबलांवर वरची टेबलं असलेला वाडा आठवला. म्हणून त्यांना न विचारता आणखी एखादी टोपी विणण्यापेक्षा मी आज सकाळी परत खाली जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. शिबिराचा आकडा दोन दिवस आधी पक्का कळवा. आणि पैसे शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांनी नको, त्याच दिवशी द्या. नावाचं काही बोलल्या नाहीत. ‘छापा छापायचं असलं तर,’ म्हणाल्या. या दोन गोष्टी आज संध्याकाळच्या बैठकीत मी मांडणार आहे, खजिनदारांनी ऐकून ठेवावं.

शेवटी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, किशोरी गटात हे सिनेमे दाखवावेत का. जरूर दाखवा. मी दोन गटांत केलंय ते सांगते. आधी चौथा चित्रपट दाखवला. मग चौथ्या पुस्तकातलं स्वयंपाकघराचं प्रकरण, एकविसावं, मोठ्यानं वाचलं. मुलींना एवढंच विचारलं की हे सिनेमात का नसेल? एकीनं सांगितलं, बोअर होतं म्हणून. दुसरी म्हणाली, डॉबीनं मागितलेला पगार बघितला असता तर आमच्या आईनं पण मागितला असता. तिसरी काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात येताना तिनं पुठ्ठ्याचे सहा बिल्ले कापून आणले होते. त्यांवर काय लिहायचं यावरून मग मुलींची जी भांडणं जुंपली, ती अजून मिटलेली नाहीत.